बीमवर अडलेले बल आणि अर्धशक्तीचा नियम

भरतीचे दिवस जवळ आले, की नंदनवनातील आमच्या चिकित्सालयात ठराविक तक्रार घेऊन तरुण येऊ लागतात : "डॉक्टरसाहेब, बीम सातावरच अडला आहे, ताकदीचे काही औषध द्या." सैन्यभरतीत बीमवरील 10 पुल-अपना 40 गुण, 6 ना अवघे 16. एकेका पुल-अपवर घराची आशा टांगलेली असते. तेव्हा ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. परंतु अशा वेळी आपल्यापैकी अनेकांचा हात थेट अश्वगंधाचूर्णाच्या बरणीकडे जातो. आमचाही कित्येक वर्षे जात असे.

गतवर्षी अशाच एका तरुणास आम्ही प्रथम दिनक्रम विचारला. सकाळ-संध्याकाळ, हात सुटेपर्यंत, पाच-पाच वेळा बीम. वर धावणे आणि दंड-बैठका. विश्रांतीचा दिवस नाही. झोप पाच तास, भूक मंद. अतिव्यायामाची तृष्णा, अरुची, क्लम ही लक्षणे समोर बसलेली असताना बल्य औषध देणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय.

प्रारंभीच्या आठवड्यांत बल झपाट्याने वाढते, कारण मज्जासंस्था असलेल्याच पेशींचा अधिक चांगला उपयोग करावयास शिकते. पुढील वृद्धी मांसधातूची. तीस काळ लागतो, आहार व निद्रा लागते. तरुणास मात्र वाटते, की आपले श्रमच कमी पडत आहेत.

अर्धशक्तीचा नियम आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला; परंतु तो आळशी माणसाचा नियम समजून बाजूस ठेवला, असे आमचे मत आहे. अर्ध हे आजच्या बलाचे असते. बल वाढले, की अर्धही वाढते. ज्याची सीमा सात, त्याने तीन-चार काढून थांबावे, पुरेशा विश्रांतीने दिवसातून पाच-सहा वेळा तेच करावे. हात सुटू देऊ नये. परीक्षा पंधरा दिवसांतून एकदाच. दोन दिवसांआड, वर चढून अतिशय सावकाश खाली येण्याचा अभ्यास असावा. उतरताना पेशींवर पडणारा ताण बलवर्धनास विशेष उपयुक्त ठरतो. चौथा आठवडा हलका.

बलार्धाची लक्षणे मात्र नागपुरात विवेकाने वापरावीत. वैशाखातील कोरड्या उष्म्यात, पारा 45 अंशांवर असता, घाम दिसण्यापूर्वीच वाळतो आणि मुखशोष व्यायामावाचूनही असतो. श्रावणात याउलट, बीमला हात लावण्यापूर्वीच ललाट भिजते. म्हणून सुश्रुतोक्त श्वासाचे लक्षण, म्हणजे हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे, हेच आम्ही प्रमाण मानतो. ग्रीष्मात तर व्यायाम मंदच असावा. भरतीची तारीख ऋतू पाहून येत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. म्हणूनच तयारी हेमंतात आरंभावी, जेव्हा कालज बल अनुकूल असते व अग्नी दूध, तूप, उडीद पचवू शकतो.

त्या तरुणास आम्ही अश्वगंधा दिली नाही. प्रथम मंदाग्नीची चिकित्सा केली, झोप सात तासांवर आणली आणि वरीलप्रमाणे क्रम आखून दिला. पहिल्या पंधरवड्यात आकडा सातच राहिला आणि वडील आमच्यावर रुष्ट झाले. दोन महिन्यांनी नऊ झाले. दहावा अद्याप बाकी आहे.