पाण्यातून आला तरी धूरच

हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून तो सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज कॉलेजातल्या मुलांचाच नाही, त्यांच्या पालकांचाही आहे. पाणी धूर थंड करते, शुद्ध करत नाही. थंड धूर घशाला लागत नाही, म्हणून तो अधिक खोल ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर छातीत जाऊ शकतो. शिवाय निखारा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. त्याने येणाऱ्या चकरेला मुले ‘किक’ म्हणतात! ‘हर्बल’ हुक्क्यातही निखारा तोच. नळी तोंडोतोंडी फिरते, त्यातून संसर्गाची भीती वेगळीच. २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली. घरच्या गच्चीवरच्या हुक्क्याला मात्र पालकच ‘त्यात काय एवढं’ म्हणतात.