बिनदाराच्या गावातला नवा संसार

घराला दार नसले तरी संसार होतो, असे सांगणारे एक गाव आपल्या महाराष्ट्रात आहे. अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासूनच्या सरकारी नावाप्रमाणे अहिल्यानगर जिल्ह्यातले, शनिशिंगणापूर. नेवासे तालुक्यातल्या या गावात जुन्या घरांना चौकट असते, पण कवाड, कडी-कोयंडा, कुलूप नसते. कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावायची, बाकी पडदा पुरे. उघड्या चौथऱ्यावर, छपराविना उभी असलेली काळी शिळा गावाची राखण करते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. २०११ साली युको बँकेने गावात शाखा काढली तेव्हा बँकेलाही ही रीत पाळावी लागली आणि ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून देशभर गाजावाजा झाला.

आम्ही या श्रद्धेची थट्टा करणार नाही. शेजाऱ्यावर इतका विश्वास टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, साऱ्या विश्वाला आपले घर मानणारा विचार जिथे मराठीत उतरला, त्या मातीला ते शोभूनही दिसते. आमचा प्रश्न वेगळा आहे. जिथे घरांना दारे नाहीत, तिथल्या देवस्थानाने जून २०२५ मध्ये कोणासाठी दार बंद केले?

घडले ते असे. देवस्थान ट्रस्टने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. त्यांत ११४ मुसलमान होते. त्याआधी मे महिन्यात चौथऱ्याजवळ काम करणाऱ्या मुस्लिम कारागिरांचे एक चित्रण सगळीकडे फिरले, काही हिंदुत्ववादी संघटनांनी आक्षेप घेतला आणि मोर्चाचा इशारा दिला. मोर्चाची तारीख तोंडावर आली असताना ही कारवाई झाली. ट्रस्टने कारण दिले ते गैरहजेरीचे आणि बेशिस्तीचे. आम्ही ट्रस्टचा शब्द प्रमाण मानायला तयार आहोत. पण मग एवढे तरी मान्य करावे लागेल की गैरहजेरी ही माणसागणिक मोजायची गोष्ट आहे. प्रत्येकाचा हजेरीपट वेगळा, प्रत्येकाला नोटीस वेगळी, प्रत्येकाचे उत्तर वेगळे. एका संघटनेने धर्माचे नाव घेऊन मागणी करावी आणि लगेच हजेरीपटाचे पान उघडले जावे, याला शिस्त म्हणत नाहीत. उरलेले ५३ कर्मचारी मुसलमान नव्हते, हेही आम्ही विसरत नाही. त्यांच्याही घरी चूल आहे. मुसलमानांना काढायचे म्हणून जी वावटळ उठली तिच्यात तेही सापडले असतील, तर हा प्रश्न त्यांचाही आहे.

या बातमीवर चर्चा झाल्या, पण त्या सगळ्या देव, धर्म आणि पावित्र्य यांच्याभोवती फिरत राहिल्या. घर हा शब्द कोणी उच्चारला नाही. आम्हाला तोच उच्चारायचा आहे.

खेड्यातल्या मुलाचे लग्न कशावर ठरते? दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीवर आता कोणी मुलगी देत नाही. ‘मुलगा देवस्थानात कामाला आहे’ या एका वाक्यावर सोयरीक जुळते. पगार थोडा असतो, पण तो महिन्याच्या महिन्याला येतो. त्या भरवशावर निकाह होतो, मेहर ठरतो, मागची खोली पत्र्याची होती ती स्लॅबची करायला पतसंस्थेचे कर्ज निघते. नवी सून येते. रेशनकार्डावर तिचे नाव चढवायचे असते, गॅसची शेगडी घ्यायची असते, वर्षभरात पहिल्या बाळंतपणाची तयारी करायची असते. नव्या संसाराचे पहिले वर्ष हे असे हप्त्यांचे आणि हिशेबाचे असते. अशा वेळी त्या मुलाच्या हातात एक कागद पडतो आणि सगळ्या हिशेबातला पहिला आकडाच पुसला जातो. नोकरी गेली म्हणजे एका माणसाचे काम गेले, एवढेच आपण समजतो. नव्या जोडप्याच्या बाबतीत नोकरी जाते तेव्हा उभे राहू लागलेले घर मध्येच थांबते.

यावर आपल्यातलेही काही जण विचारतात, ‘मुसलमानाने मंदिरात नोकरी करावीच कशाला?’ या प्रश्नाचा आम्हाला राग येतो. देवस्थानाची शेती, कचरा, साफसफाई, शाळा यांत राबणाऱ्या माणसाचा ईमान कचऱ्याच्या गाडीने डळमळत नाही. हलाल कमाई म्हणजे घामाची कमाई. ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांनी दुसऱ्याच्या कष्टावर फतवे काढू नयेत. गंमत अशी की ‘मुसलमान मंदिराच्या आवारात नको’ म्हणणारे आणि ‘मुसलमानाने मंदिराच्या आवारात जाऊ नये’ म्हणणारे, दोघांची वाक्ये शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि तिथे उभा असलेला तरुण बेकार होतो.

नगरच्या भूमीत असे भेद नव्हते, असे सांगण्याची आपली एक सवय आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, नगरचे शहाशरीफ, त्यांच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी ही नावे ठेवल्याची परंपरा, हे सारे आम्हालाही ठाऊक आहे आणि प्रिय आहे. पण या गोष्टी संमेलनाच्या भाषणाला पुरतात, पगाराला पुरत नाहीत. त्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव केला. हे कानिफनाथ म्हणजे मुसलमान भाविकांचे शाह रमजान. ज्याची दोन नावे दोन समाजांनी जपली त्याच्या दारात दुकान लावायला एका समाजाला मनाई! इतिहास सांगून हे थांबत नाही. कायद्याने थांबते, संघटनेने थांबते आणि शेजारी बोलला तर थांबते.

आता या जोडप्याने गाव सोडले असे धरू. नगर, पुणे, ठाणे, कुठेही. तिथे दारे आहेत, भक्कम आहेत, जाळीची सुद्धा आहेत. एजंट फोनवर गोड बोलतो, भाडे सांगतो, डिपॉझिट सांगतो. मग नाव विचारतो. नाव ऐकल्यावर खोली ‘कालच गेलेली’ असते. कोणी म्हणतो, मालक शाकाहारी आहेत. कोणी म्हणतो, आम्हाला काही अडचण नाही हो, सोसायटीला चालत नाही. सोसायटीचा सचिव म्हणतो, मला काही नाही, मेंबरांना चालत नाही. नाही म्हणणारा माणूस कधीच समोर येत नाही. मग तो तरुण मुंब्रा, कोंढवा, मुकुंदनगर असा पत्ता शोधत जातो आणि वर्षभराने वर्तमानपत्रात लेख येतो की मुसलमान वेगळे राहतात, मिसळत नाहीत!

ही तक्रार आमची एकट्याची नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर भाड्याने वा विकत मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. त्याला आता जवळजवळ वीस वर्षे झाली. कायद्याचे काय? राज्यघटनेच्या पंधराव्या कलमातल्या दुसऱ्या उपकलमाने दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, स्नानघाट, रस्ता अशी सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली केली. भाड्याचे घर त्या यादीत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारी पोटनियमाची तरतूद वैध ठरवली. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असे कलम आहे, पण भाडेकरू सभासद नसतो. म्हणजे नवे जोडपे, ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत आणि भाड्यावाचून गत्यंतर नाही, तेच नेमके कायद्याच्या बाहेर उभे आहे. अस्पृश्याला विहिरीवर येऊ न देणे गुन्हा ठरले, कारण पाण्याशिवाय माणूस जगत नाही. मग छपराशिवाय जगतो काय?

इथवर वाचून आमच्या वाचकांनी माना डोलावल्या असतील. आता जरा घरात येऊ.

शिंगणापूरला कुलूप नाही म्हणून आपण नवल करतो. आपल्या घरात आलेल्या सुनेच्या खोलीला कुलूप आहे का? खोली तरी आहे का? निकाहनंतर दोन खोल्यांच्या घरात सहा-सात माणसांत पडदा लावून नव्या जोडप्याची सोय होते. गरिबीमुळे हे होत असेल तर त्याला कोणी दोष देणार नाही. पण माडी बांधलेल्या, वर दोन खोल्या भाड्याने दिलेल्या घरातही सून आपली खोली आतून लावते तेव्हा सासूच्या कपाळाला आठी पडते. लग्नात मुलीच्या बापाकडून पलंग येतो, भांडी येतात, लोखंडी कपाट येते. कपाटाची किल्ली मात्र आठ दिवसांत सासूच्या कमरेला जाते. मुलाने वेगळे राहायचे नाव काढले की ‘बायकोचा गुलाम’ ही पदवी तयार असते, आणि दीनचा हवाला देऊन त्याला गप्प केले जाते.

दीन काय सांगतो? सूरह नूरच्या सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका आणि परत जा म्हटले तर परत जा, असा आदेश आहे. त्याच सूरहच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत फजरपूर्वी, दुपारी कपडे उतरवण्याच्या वेळी आणि इशानंतर घरातल्या नोकरांनी आणि लहान मुलांनीही विचारूनच आत यावे असे सांगितले आहे. हनफी फिक्हमधला बाराव्या शतकातला मान्यवर ग्रंथ हिदाया. त्यात नवऱ्याने बायकोला असे राहते घर द्यावे की जिथे त्याच्या नातेवाइकांपैकी कोणी नसेल, तिची स्वतःची संमती असेल तर गोष्ट निराळी, असे म्हटले आहे. आणि एकाच घरात स्वतंत्र खोली द्यायची झाली तर तिला कुलूप हवे, हेही त्यात आहे. आठशे वर्षांपूर्वी मध्य आशियात बसलेल्या फकीहला नववधूच्या कुलपाचे महत्त्व कळले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या पंचांना ते अजून कळायचे आहे. सुनेला तिची खोली देणे हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे म्हणणाऱ्यांनी निदान आपल्या मदरशातला हा ग्रंथ उघडावा.

देशाचा कायदाही इथे तिच्या बाजूला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, घर कोणाच्या नावावर आहे याचा विचार न करता, सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला दिला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. सासऱ्याच्या नावावरचे घरही सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी आमच्यातल्या किती मुलींना निकाहच्या वेळी हे कोणी सांगते?

दारे उघडतात, याचा दाखला शिंगणापूरनेच दिला आहे. तिथल्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येत नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये आंदोलन झाले, विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण सरकारला करून देण्यात आली आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, पाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. त्याच वर्षी मुस्लिम स्त्रियांच्या याचिकेवर हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला आणि नोव्हेंबरमध्ये त्या आत गेल्या. दोन्ही ठिकाणी ‘परंपरा आहे’ हेच उत्तर मिळाले होते. दोन्ही ठिकाणी ते टिकले नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कामावरून काढलेल्या प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी व्हावी, आणि ज्याचा दोष सिद्ध होत नाही त्याला परत घ्यावे, मग तो ११४ मधला असो की ५३ मधला. घर भाड्याने देताना धर्म वा जात पाहून नकार देणे गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने करावा. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याला तो जड जाऊ नये. आणि आपल्या समाजात निकाहनाम्यात स्वतंत्र राहत्या जागेची अट लिहिण्याचा रिवाज पडावा. अशी अट घालता येते. काझीसाहेबांनी मेहरची रक्कम विचारतात तशी ‘दुल्हन कुठे राहणार, तिची खोली कोणती?’ हेही विचारावे. ज्यांचे स्वतःचे फ्लॅट भाड्याने आहेत अशा आपल्या बांधवांनी तलाक झालेल्या बाईला, दलित कुटुंबाला, दुसऱ्या बिरादरीच्या जोडप्याला ‘चालत नाही’ म्हणून परत पाठवू नये. आपण दुसऱ्याला नाकारत असू तर आपल्याला नाकारणाऱ्याशी कोणत्या तोंडाने भांडणार?

घर मागायला आलेल्या नव्या जोडप्याला दोनच गोष्टी हव्या असतात. आपल्यासाठी दार उघडावे, आणि एकदा आत गेल्यावर ते लावून घेण्याची आपल्याला मुभा असावी. पहिली गोष्ट सरकारकडून आणि बहुसंख्य समाजाकडून भांडून घ्यायची आहे. दुसरी आपल्याच हातात आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या शाबानात-शव्वालात ज्यांच्या घरी सून येणार आहे त्यांनी मांडवाच्या आधी एका कडीचा आणि एका किल्लीचा खर्च धरावा, आणि ती किल्ली तिच्याच हातात द्यावी.