सप्रेम भेट
पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या ज्या प्रतीवर लेखकाने स्वतःच्या हस्ताक्षरात स्नेह्याचे नाव, ‘सप्रेम भेट’ हे शब्द आणि तारीख लिहिलेली असते, ती संग्राहकाला कोऱ्या प्रतीहून मोलाची वाटते, कारण छापील अर्पणपत्रिका प्रत्येक प्रतीत सारखीच असते, तर ही भेटओळ जगात एकाच प्रतीत असते. अशा लेखकस्नेहाला सिंधुदुर्गाइतकी सुपीक भूमी क्वचितच लाभली असेल: वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, तर देवगड तालुक्यातील धालवलीचे विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर यांनी वसंत बापटांसह गावोगावी काव्यवाचन केले. म्हणूनच करंदीकरांचा ‘स्वेदगंगा’ (१९४९), पाडगावकरांचा ‘धारानृत्य’ (१९५०) आणि याच मातीतल्या आरती प्रभूंचा ‘जोगवा’ (१९५९) या काव्यसंग्रहांची स्वाक्षरीची प्रत हाती आली, तर ती कोणाला दिली होती हे आधी पाहावे. मात्र किनाऱ्यावरच्या दमट हवेत शाई पसरून तिचा उलटा ठसा समोरच्या पानावर उमटतो, कसर कडा कुरतडते आणि, सर्वांत वाईट म्हणजे, ग्रंथालयात नवी बांधणी करताना भेटओळीचे पानच फाटके म्हणून काढून टाकले जाते; तेव्हा बांधणीला देण्यापूर्वी त्या पानाचे छायाचित्र घेऊन दाखलनोंदवहीत त्याची नोंद करणे प्रत्येक ग्रंथपालाला सहज शक्य आहे.