गोदाम पाडण्याआधी हिशेब मांडा

पुणे स्टेशनच्या मागे १८९३ साली सुरू झालेल्या राजा बहादूर मिलच्या जुन्या इमारतींत आज रेस्टॉरंटं चालतात, कार्यक्रम होतात. कापड विणणं केव्हाच थांबलं, पण इमारती उपयोगात राहिल्या. शहरात असं भाग्य फार थोड्या वास्तूंना लाभतं. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतली शेड असो की नाना पेठ-भवानी पेठेतलं जुनं गोदाम, भाडेकरू गेला की दारात जेसीबी येतो. त्या जागी काचेचा टॉवर उभा राहतो आणि त्यालाच हरित इमारतीचं मानांकन मिळतं. पर्यावरणाचा हा हिशेब अर्धाच आहे. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. नवी इमारत वीज वाचवते हे खरं, पण ती बचत वर्षानुवर्षं थोडी थोडी होते. सिमेंट आणि पोलाद बनवताना निघालेला धूर मात्र पहिल्या दिवसाआधीच हवेत गेलेला असतो. शिवाय पाडलेल्या भिंतींचा राडारोडा उरतो, आणि तो नदीकाठी जाऊन पडण्याची पुण्याला सवयच आहे.

जुन्या शेडमध्ये काय असतं, ते नीट पाहायला हवं. कित्येक शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं आणि त्याच्या उभ्या काचा उत्तरेकडे असतात. त्यामुळे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो, म्हणजे कार्यालयाला नेमका हवा तसा. दोष आहे तो पत्र्याचा, कारण तो एप्रिलमध्ये भाजून काढतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, वर पांढरा रंग आणि छपराच्या टोकाला गरम हवा बाहेर जाण्याची वाट, एवढ्यानं मोठा फरक पडतो. पुण्यात उन्हाळ्यातही रात्री बऱ्यापैकी गार असतात. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर जाड भिंती थंड होतात आणि सकाळी एसी उशिरा लावावा लागतो. पाण्याचंही तसंच. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या छपरावरून पाचेक लाख लिटर पाणी सहज साठवता किंवा जमिनीत मुरवता येतं.

जुन्या शेड धोकादायक असतात हा आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. अनेक छपरं ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांची आहेत. ते फोडून नव्हे, ओले करून अख्खे उतरवावे लागतात आणि कामगारांना योग्य मास्क द्यावे लागतात. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. पण गच्चीवरचं ज्वलनशील आच्छादन आणि अडलेल्या वाटा यांनी माणसं मारली, गिरणीच्या वयानं नव्हे. अग्निशमनाचे नियम इथे नव्या इमारतीइतकेच कडक हवेत. छपराचा गंजलेला सांगाडा (ट्रस) वर बसवायच्या सौर पॅनेलचं वजन पेलणार नसेल, तर ती शेड उतरवावी हेच बरं.

मालकाचा प्रश्न उरतो: वाढीव एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) सोडून बैठी शेड का राखायची? मेट्रो स्थानकालगत उंच बांधकामाची बाजू जड आहे, हे मान्य. इतरत्र मात्र मालकाला दुसरीकडे ढकलतात ते आपलेच नियम. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीत हरित मानांकनाचं बक्षीस आहे तीन ते सात टक्के जादा एफएसआय. जो नवं बांधणारच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? सौर ऊर्जा आणि पर्जन्यसंचयासाठी महापालिका सोसायट्यांना मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देतेच. तशीच सूट जुनी शेड राखणाऱ्याला द्यावी. वारसा वास्तूंप्रमाणे न वापरलेल्या एफएसआयचा टीडीआरही (हस्तांतरणीय विकास हक्क) द्यावा. आणि पाडण्याची परवानगी देण्याआधी ढाचा अजून किती वर्षं टिकेल याचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागावा. महापालिकेनं हडपसरपासून सुरुवात करावी.