हाडंही ऐकतात बरं का!

बालमित्रांनो,

आजच्या प्रयोगाला भिंग नको, चुंबक नको. फक्त तुमचे दोन कान आणि एक बोट पुरे. तोंड मिटून ‘म्ऽऽऽ’ असा आवाज काढा. तो चालू असतानाच उजव्या कानाच्या भोकावर बोट हलकेच दाबून धरा. आवाज कुठे गेला? उजवीकडे! आता डावा कान झाका. आवाज पळाला डावीकडे. वर्गात हा प्रयोग केला, की कुणीतरी ओरडतंच, “सर, बंद कानातच जास्त आयकू येते!”

दार लावल्यावर आवाज कमी व्हायला हवा. मग वाढला कसा?

त्याचं असं आहे, की आवाजाला आत यायला दोन वाटा असतात. पहिली हवेची. पोळ्याला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजते, तेव्हा हवा कंप पावते. ते कंप कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड! ती कंप आतल्या कानात पोचवते. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यातल्या नाजूक पेशी कंपांचा संदेश बनवतात आणि मज्जातंतू तो मेंदूकडे नेतो.

दुसरी वाट हाडांची. आतला कान कवटीच्या हाडातच बसवलेला असतो. आपण बोलतो तेव्हा कवटीही थरथरते आणि ती थरथर थेट आतल्या कानात जाते. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज परका वाटतो ना? त्यात हाडांतून येणारा वाटा नसतो, म्हणून. कान झाकला, की बाहेरचा गलबला थांबतो आणि हाडांतून कानाच्या नळीत उतरलेला आवाज बाहेर निसटू शकत नाही. म्हणून तो तिथे मोठा वाटतो.

ही नुसती गंमत नाही. हिचाच उपयोग करून डॉक्टर कान तपासतात. त्यासाठी ते नादकाटा वापरतात. हा दोन पायांचा धातूचा काटा इंग्लंडच्या जॉन शोर या तुतारीवादकाने १७११ साली वाद्यं सुरात लावण्यासाठी केला. पुढे जर्मनीच्या वेबर यांनी १८३४ मध्ये आणि रिने यांनी १८५५ मध्ये त्याच्या साहाय्याने हाडांतून जाणाऱ्या आवाजाचा अभ्यास मांडला. त्यांच्या नावाच्या चाचण्या डॉक्टर आजही करतात. त्यासाठी बहुधा सेकंदाला ५१२ वेळा कंप पावणारा काटा घेतात.

वेबर चाचणीत वाजता काटा कपाळाच्या मधोमध टेकवतात. दोन्ही कान चांगले असले, तर आवाज मधोमध वाटतो. समजा, एका कानाने कमी ऐकू येतं आणि आवाज त्याच कानाकडे गेला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असावा. तुमच्या बोटाने केलं, तेच काम तिथे मळाने किंवा साचलेल्या पाण्याने केलेलं असतं! पण आवाज चांगल्या कानाकडे गेला, तर दुसऱ्याचा आतला कान किंवा मज्जातंतू कमजोर असण्याची शक्यता असते.

रिने चाचणीत काटा कानामागच्या हाडावर टेकवतात. आवाज थांबला असं वाटलं, की तोच काटा कानासमोर धरतात. चांगल्या कानाला तो पुन्हा ऐकू येतो. हवेतून ऐकू आलाच नाही, तर वाटेत अडथळा आहे असं समजतं.

नेमकं मोजमाप ऑडिओमीटर यंत्राने होतं. शांत खोलीत कानामागे छोटा कंपक बसवतात. गरज पडली, तर दुसऱ्या कानात मुद्दाम ‘सूंऽऽ’ आवाज सोडतात. का बरं? कवटी एकच! एका बाजूचा कंप दुसरा कानही ऐकतो आणि चांगला कान कमजोर कानाच्या वतीने चक्क ‘हजर’ म्हणतो!

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. एखादं मूल हाक मारली तरी बघत नाही, सारखं ‘काय?’ विचारतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, श्रुतलेखनात शब्द गाळतं. आपण म्हणतो, “याचं लक्षच नाही.” पण त्याला ऐकूच येत नसेल तर? मळ, सर्दीनंतर पडद्यामागे साचलेलं पाणी किंवा फाटलेला पडदा यांवर बहुतेक वेळा उपचार होतात. आतल्या कानाच्या दोषावर मात्र थेंब घालून काही उपयोग नाही. तिथे श्रवणयंत्र लागतं, काहींना कॉक्लिअर इम्प्लांट. तक्रार एकच, उपाय वेगळे. म्हणून आधी तपासणी. मूल लहान असेल तर उशीर अजिबात नको, कारण ऐकल्याशिवाय बोलणं येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते. ते पथक आलं, की शंका जरूर सांगा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही कान-नाक-घसा विभाग आहे. तोवर कानात कोमट तेल, काडी, पिन काहीही घालू नका.

आणि मुलांनो, तुमच्या वर्गात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याला चिडवायचं नाही. त्याला पुढच्या बाकावर जागा द्या, त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोला. आज घरी आजी-आजोबांनाही ‘म्ऽऽऽ’चा प्रयोग करायला लावा. आवाज कुणीकडे गेला, ते वहीत लिहून आणा हं!

तुमचे
सर