घोडेगावच्या फाट्यावर आमची गाडी का वळत नाही?

दरवर्षी १ जानेवारीला पहाटे चार वाजता नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावातून एक गाडी कोरेगाव भीमाला निघते. निळे झेंडे, टपावर कर्णा, मागच्या सीटवर भाकरी-ठेच्याच्या पिशव्या. आम्ही कॉलेजची पोरं टपाजवळ, बायका पुढे, म्हातारी माणसं ड्रायव्हरच्या मागे. नेवासा फाटा, वडाळा बहिरोबा, घोडेगाव, मग इमामपूरचा घाट उतरून नगर, पुढे सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर. अख्खा रस्ता तोंडपाठ आहे. गाडी चहाला थांबते, हवा भरायला थांबते, नगरमध्ये दुसऱ्या गाड्यांची वाट बघत थांबते. घोडेगावला उजवीकडे एक रस्ता फुटतो, त्या रस्त्याने शनिशिंगणापूर आणि सोनई लागतं. तिथे ती आजवर कधी वळली नाही.

२०१३ च्या १ जानेवारीलाही आपल्या गाड्या याच रस्त्याने गेल्या. त्याच दिवशी सोनईजवळच्या एका वस्तीवर सचिन घारू, संदीप थनवार आणि राहुल कंडारे या तीन तरुणांना मारून टाकण्यात आलं. तिघेही मेहतर समाजाचे. सचिन नेवासा फाट्यावरच्या एका शिक्षणसंस्थेत सफाईचं काम करायचा. तिथे शिकणाऱ्या एका मराठा मुलीचं आणि त्याचं प्रेम होतं, हा त्याचा गुन्हा. संडासाची टाकी साफ करायची आहे, असं सांगून तिघांना वस्तीवर बोलावलं होतं. दोघे केवळ सोबतीला आणि कामाला म्हणून गेले. त्यांच्या देहांचं काय केलं ते आम्ही इथे लिहीत नाही, जिल्ह्याला ते माहीत आहे. आपण स्तंभापुढे घोषणा देत होतो त्याच दिवसाची ही गोष्ट आहे. तारखेचा हा योगायोग आमच्या लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली. आणि ज्या दिवशी लक्षात आला, तो आमच्या एकाही व्यासपीठावरून नव्हे, एका चर्चमध्ये आला.

झालं असं. आमच्यातल्या एकाचा वर्गमित्र श्रीरामपूरकडचा, कॅथलिक ख्रिस्ती. त्याचं घर मूळचं आपल्यातलंच, तीन पिढ्यांपूर्वी मिशनकडे गेलेलं. २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे सगळ्या मृतांचं स्मरण करतात. त्याचे आजोबा त्या वर्षी गेले होते, म्हणून तो आम्हाला गावी घेऊन गेला. आम्ही मागच्या बाकावर बसलो. प्रार्थना मराठीत होती, पेटी-तबल्यावर गाणी होती, निम्म्या बायकांच्या डोक्यावर पदर होते, आपल्याच आज्या वाटाव्यात अशा. मग फादरांनी एक कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. नुसती नावं. कुणी शेतमजूर, कुणी साखर कारखान्यात कामाला असलेला, कुणी दीड महिन्यांचं बाळ. पंधरा मिनिटं नावं चालली. मित्राच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा त्याच्या आजीने मान वर केली, बस. बाहेर येऊन आम्ही दफनभूमीत मेणबत्त्या लावल्या. देव, स्वर्ग, पुनरुत्थान यातलं आम्हाला काही पटत नाही आणि पटल्याचं सोंग आम्ही केलं नाही. पण परत येताना एसटीत एकाने विचारलं, आपल्याकडे असा कागद कोण वाचतं? आणि वाचायचाच झाला तर त्यावर कोणाची नावं येतील? आम्ही मोजायला लागलो. खर्ड्याचा नितीन आगे. आणि सोनई? तारीख काय होती सोनईची? फोनवर शोधली. १ जानेवारी. पुढे बराच वेळ कोणी बोललं नाही.

त्या वर्षी आम्ही मुद्दाम ठिकठिकाणी जाऊन बसलो. गावात एका बागायतदाराच्या प्रथम पुण्यस्मरणाचं कीर्तन होतं, तिथे गेलो. फ्लेक्सवर ‘शोकाकुल’ म्हणून चाळीसेक नावं, त्यात निम्मी येत्या निवडणुकीतले उमेदवार. महाराज दीड तास बोलले, त्यात गेलेल्या माणसाविषयी दहा मिनिटं, त्यातही त्याने देवळाला किती दिले याचा हिशेब जास्त. पण पंगतीला अख्खा गाव होता. मोहरमला नगरात कत्तलच्या रात्री कोठल्याची सवारी बघायला उभे राहिलो. करबलाला साडेतेराशे वर्षं होऊन गेली, तरी ती रात्र जागवायला सगळ्या जातींची माणसं रस्त्यावर असतात. हे सगळं पाहून ‘सर्व धर्म सारखेच’ असल्या गोडगोड निष्कर्षाला आम्ही आलेलो नाही. धर्म मेलेल्या माणसाच्या नावावर धंदाही करतो आणि ‘त्याची इच्छा होती’ म्हणून मारणाऱ्याला मोकळाही सोडतो. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे, ती आपल्याकडे कमी पडते. त्यांचा दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि नाव मोठ्याने घ्यायची रीत आहे. राग ओसरला तरी दिवस येतोच.

बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान नाकारायला सांगितलं, ते योग्यच होतं. मेलेल्याच्या नावाने भटाचं पोट भरण्याची ती सोय होती. आपण ते सोडलं. घरच्या माणसासाठी आपल्याकडे पुण्यानुमोदन आलं, जलदान विधी आला, वंदना आली. पण जो जातीसाठी मारला गेला, ज्याचं घर गाव सोडून गेलं किंवा ज्याच्या घराला आता सभांची भीती वाटते, त्याचं काय? त्याच्यासाठी आपल्याकडे आहे मोर्चा. मोर्चा पहिल्या महिन्यात निघतो, निवेदन दिलं जातं, नेते भेटून जातात, फोटो निघतात. दुसऱ्या वर्षी एखादी पोस्ट. पाचव्या वर्षी तारीखही आठवत नाही. श्राद्ध सोडून दिल्यावर जी जागा रिकामी झाली ती आपण सार्वजनिक आयुष्यात भरलीच नाही, असं आमचं म्हणणं आहे.

यावर ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच म्हणतात, आपली चळवळ रडायची नाही, लढायची आहे. कोरेगाव हा शौर्यदिन आहे, तिथे सुतक कशाला आणता? आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, स्तंभ जवळ जाऊन वाचलात का? १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मेलेल्यांची आणि जखमी झालेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत. ‘नाक’ने संपणारी ती महारांची नावं ज्या दिवशी बाबासाहेब वाचायला गेले, तो दिवस होता १ जानेवारी १९२७. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चवदार तळं झालं आणि डिसेंबरात मनुस्मृती जळाली. म्हणजे मेलेल्यांची नावं वाचणं आणि लढणं ही दोन कामं आहेत असं त्यांना तरी वाटलं नसावं. कोरेगावचा स्तंभ हा मुळात नावं वाचायचाच दगड आहे. आपण त्याला सेल्फीचा केला.

खरी अडचण दुसरी आहे आणि ती बोलायला आम्हाला लाज वाटते. सोनईचे तिघे महार नव्हते, बौद्ध नव्हते. मेहतर होते. १४ एप्रिलच्या रात्री नगरमध्ये मिरवणूक संपते, गुलाल, पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळ्यांनी रस्ते भरतात. १५ तारखेला पहाटे ते झाडायला कोण येतं, हे आपण कधी उभं राहून पाहिलं आहे का? आम्ही यंदा थांबून पाहिलं. जयंती आमची, झाडू त्यांचा. त्यांच्या वस्तीत बाबासाहेबांचा फोटो असतो तसे दुसरे देवही असतात, आणि तेवढ्यावरून आपण त्यांना ‘अजून हिंदूच आहेत’ म्हणून बाजूला टाकतो. जातीच्या उतरंडीविषयी आपण भाषणं देतो, पण आपल्या खालची पायरी आपल्याला दिसत नाही.

नोव्हेंबर २०१७ आठवून बघा. नगरच्या जिल्हा न्यायालयात एका आठवड्याच्या आत दोन निकाल आले. २३ तारखेला नितीन आगे खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. नितीन १७ वर्षांचा, शाळेत शिकणारा पोरगा. २८ एप्रिल २०१४ ला त्याला मारून झाडाला लटकवलं होतं. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, त्यांत शाळेशी संबंधित माणसंही होती. २९ तारखेला कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशी सुनावली गेली. त्या कोवळ्या मुलीवर जे झालं त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण जिल्ह्यात त्या आठवड्यात काय झालं? ज्याने त्याने आपापल्या जातीचं मेलेलं माणूस उचललं. कोपर्डीची त्यांची, खर्ड्याचा आमचा. सोनईचे तिघे कोणाच्याच वाट्याला आले नाहीत. तिथे न्याय झाला, हेही विसरायला निमित्त झालं. खटला नाशिकला चालला, जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. तो निकाल आला तेव्हा कोरेगावच्या दंगलीला जेमतेम तीन आठवडे होत होते आणि आपण सगळे त्या आगीत होतो. निकालाची बातमी वाचली, ‘बरं झालं’ म्हटलं, पान उलटलं.

न्यायालयाने शिक्षा दिली म्हणजे समाजाचं काम संपत नाही. ज्या कामाचं निमित्त करून त्या तिघांना बोलावलं, ते काम आजही त्यांच्याच जातीच्या माणसांना सांगितलं जातं. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा त्याच वर्षी झाला आणि लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. आपल्या दोन सगळ्यात मोठ्या तारखांवर मेहतरांचा इतिहास येऊन उभा राहिला आहे, १ जानेवारीवर खून आणि ६ डिसेंबरवर कायदा. आपल्या दिनदर्शिकेत दोन्ही नाहीत.

सोनई हे काही कोपऱ्यातलं गाव नव्हे. शेजारी शनिशिंगणापूर, जिथे घरांना दारं नाहीत म्हणून सांगतात. रोज हजारो भाविक येतात. २०१६ मध्ये चौथऱ्यावर बायकांनी जायचं की नाही यावरून सगळा देश तिथे आला होता, आणि तो लढा आम्हालाही आपलाच वाटतो. तालुक्याचं गाव नेवासा, तिथे ज्ञानेश्वरी ज्याला टेकून सांगितली म्हणतात तो पैसचा खांब आहे. आमच्या शाळेत रोज पसायदान व्हायचं, आम्हीही ते म्हटलंय, सुरात. एका टोकाला नेवाशाचा खांब, दुसऱ्या टोकाला कोरेगावचा. मध्ये तीन माणसांसाठी हाताएवढा दगडसुद्धा नाही.

दगड बसवा असं आम्ही म्हणत नाही. दगड बसवला की त्यावर नाव कोणाचं, उद्घाटन कोणाच्या हस्ते, यावरून पुढची दहा वर्षं जातील. त्यांना आपल्या विधीत ओढायचा हक्कही आपल्याला नाही. त्यांची वंदना काय असावी हे आपण ठरवू नये, आपल्या चळवळीला ती खोड आहे. म्हणून आम्ही आधी नगरमधल्या त्यांच्या वस्तीत जाऊन बसलो आणि विचारलं, असं करावं का, तुम्ही याल का. एक-दोघे खूश झाले. एकजण म्हणाला, इतक्या वर्षांनी? बरेचजण गप्प राहिले. एका आजीने, कोणत्या पक्षाचे तुम्ही, असं विचारलं आणि कोणत्याच नाही म्हटल्यावरही तिचा विश्वास बसला नाही. तो बसावा असं आपण आजवर काही केलेलंही नाही.

तर येत्या १ जानेवारीला आमच्या गावची गाडी चारऐवजी तीनला निघेल. घोडेगावला कांद्याच्या ट्रकांमधून उजवीकडे वळेल, सोनईच्या बाहेर रस्त्याकडेला पंधरा मिनिटं थांबेल. घोषणा नाहीत, कर्णा बंद. वस्तीतले जे येतील त्यांच्यापैकी कोणीतरी तीन नावं वाचेल, कोणी आलं नाही तर आम्ही वाचू. मग त्याच रस्त्याने परत घोडेगाव, नगर, आणि उजाडल्यावर कोरेगाव. तिथे स्तंभापुढेही तीच तीन नावं मोठ्याने घेऊ, कोणाला आवडो न आवडो. मराठवाड्यातून येणाऱ्या कितीतरी गाड्या याच रस्त्याने येतात, त्यांना वळायचं असेल तर वळता येईल. ड्रायव्हरने जास्तीच्या डिझेलचे पैसे आधी मागितलेत. गावातून वर्गणी सुरू आहे, दोन घरांनी ‘सोनईचे आपले कोण?’ म्हणून द्यायला नकार दिलाय, त्यांच्याकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत.