फाटलेलं हृदय शिवता येतं का?

काळीज फाटलं, असं आपण दुःखाच्या प्रसंगी म्हणतो. पण मोठ्या हार्ट अटॅकनंतर काही रुग्णांचं हृदय खरोखर फाटतं. रक्त न मिळाल्यामुळे स्नायूचा तेवढा भाग मरतो, मऊ पडतो आणि आतला दाब त्याला सोसवत नाही. हे बहुतेकदा पहिल्या आठवड्यात घडतं, म्हणजे घरच्यांना ‘आता धोका टळला’ असं वाटू लागतं तेव्हा. अचानक धाप लागते, बीपी कोसळतं.

बाहेरची भिंत फाटली तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठून हृदयच दाबलं जातं. तिथे अनेकदा मिनिटंच हातात असतात. झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला तर बहुधा झडप बदलावी लागते. आणि खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटला तर डावीकडचं रक्त उजवीकडे घुसून फुफ्फुसांवर लोट येतो.

हा पडदा शस्त्रक्रियेने पहिल्यांदा दुरुस्त केला १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या डेंटन कूली यांनी. रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर ठेवून भोकावर डेक्रॉन कापडाचं किंवा गाय-बैलाच्या हृदयावरणाचं ठिगळ लावतात. ऐकायला सोपं! पण ओला कागद शिवून बघा. मेलेला स्नायू तसाच टाक्याबरोबर फाटत येतो. म्हणून ठिगळ मोठं घेऊन टाके लांबवर, निरोगी स्नायूत घालतात.

मग कडा घट्ट होईपर्यंत थांबावं का? अमेरिकेतल्या १९९९ ते २०१० च्या नोंदींत, अटॅकनंतर सात दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के दगावले, त्यानंतर झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के. मात्र आकड्यांनी फसू नका. आठवडाभर तग धरणारे मुळातच बऱ्या अवस्थेत होते. प्रकृती ढासळत असेल तर सर्जनला थांबून चालत नाही.

ब्लॉक लवकर उघडण्याचे उपचार आल्यापासून पडदा फाटण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनवरून हजारात दोनेक रुग्णांपर्यंत खाली आलं. उशिरा पोहोचणाऱ्यांना धोका जास्त. आणि आपण? ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चावतो, सकाळ होऊ देतो. बायका तर घरातलं सगळं आवरून मग सांगतात. याचा मला खरंच राग येतो.

छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर लगेच १०८ ला फोन करा. अटॅकनंतर घरी आलेल्या माणसाला नव्याने धाप लागली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या.